कॉम्प्युटरचा पंखा गप्प, तुमचा आवाज स्पष्ट



घरात बसून आवाज रेकॉर्ड करणं ही आता काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कुणी नातवंडांसाठी गोष्टी रेकॉर्ड करून पाठवतं, कुणी पॉडकास्ट चालवतं, कुणाची मुलगी कथाकथनाच्या ऑनलाइन स्पर्धेत भाग घेते, तर कुणी बडोद्यात किंवा बंगळुरूत बसून मराठी पुस्तकं वाचून ऑडिओबुक तयार करतं. एक माइक, एक लॅपटॉप आणि दार लावलेली खोली एवढ्यात काम भागतं. मग रेकॉर्डिंग संपल्यावर इअरफोन लावून ऐकायला बसलं, की बोलण्यामागे एक न थांबणारी ‘घूंऽऽ’ ऐकू येते. खोली तर शांत होती, मग हा आवाज आला कुठून?

बहुतेक वेळा तो कॉम्प्युटरच्या पंख्याचा असतो. आज त्याचाच बंदोबस्त करू. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. हा आवाज नंतर सॉफ्टवेअरने पुसण्यापेक्षा रेकॉर्डिंगच्या आधी कमी करणं केव्हाही चांगलं. त्याचे बरेचसे उपाय फुकटही आहेत. आधी का, ते थोडं पुढे सांगते. सुरुवात ओळख पटवण्यापासून करू.

आपल्याला ऐकू येत नाही, मग माइकला कसं येतं?

आपला मेंदू मोठा हुशार आहे. एकसारखा चालणारा आवाज तो काही मिनिटांत बाजूला टाकतो. फ्रिज बंद पडल्यावरच तो इतका वेळ गुरगुरत होता हे आपल्याला कळतं, ते यामुळेच. माइकला अशी निवड करता येत नाही. त्याच्यापर्यंत जे पोचेल ते सगळं तो टिपतो. त्यातून आपण माइकपासून लांब बसून हळू बोलत असलो, तर आवाज वाढवावा लागतो आणि आपल्याबरोबर पंख्याचाही आवाज वाढतो.

म्हणून पहिली चाचणी अशी करा. नेहमीच्या जागी बसा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि ३० सेकंद काहीही बोलू नका. मग इअरफोन लावून ती ‘शांतता’ ऐका. आता खोलीतला छताचा पंखा बंद करून पुन्हा ३० सेकंद. मग एसी बंद करून. मग शेजारच्या खोलीतला फ्रिज किंवा इन्व्हर्टर बंद असताना. एकेक वस्तू वगळत गेलात की खरा गुन्हेगार सापडतो. पुष्कळदा कॉम्प्युटरपेक्षा छताचा पंखाच जास्त दोषी निघतो, कारण त्याचा आवाजही येतो आणि त्याची हवाही माइकवर आदळते. तो रेकॉर्डिंगपुरता बंदच ठेवावा. उकाडा असेल तर १०-१० मिनिटांचे तुकडे करा आणि मध्ये पंखा लावून घाम पुसा.

इथे एक फरक ओळखायला शिका. पंख्याचा आवाज वाऱ्यासारखा, ‘हूऽऽश’ किंवा ‘घूंऽऽ’ असा असतो आणि माइक लॅपटॉपपासून दूर नेला की कमी होतो. विजेचा गुणगुणाट वेगळा असतो. तो एकाच जाड सुराचा असतो आणि माइक कुठेही नेला तरी तसाच राहतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे हा गुणगुणाट ५० किंवा १०० हर्ट्झवर येतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवल्यावर तो गेला, तर भानगड चार्जरची किंवा घरातल्या अर्थिंगची आहे. तिथे पंखा साफ करून काही उपयोग नाही.

शांतता किती असावी याला एक माप आहे. ऑडिओबुकच्या क्षेत्रात एसीएक्स या कंपनीचे नियम बरेच जण पाळतात. त्यानुसार बोलण्याची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान असावी आणि मागची शांतता उणे ६० डेसिबलपेक्षा वर जाऊ नये. म्हणजे आवाज आणि शांतता यांत साधारण ४० डेसिबलचं अंतर हवं. रेकॉर्डिंगच्या बहुतेक ॲपमध्ये पातळी दाखवणारी पट्टी असते. गप्प बसून ती कुठे थांबते ते बघा. घरगुती कामासाठी उणे ५५ पर्यंत आलात तरी ऐकणाऱ्याला त्रास होत नाही.

पहिला उपाय : अंतर

आवाजाचा एक साधा नियम आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि अंतर निम्मं झालं की ६ डेसिबलने चढतो. कानाला १० डेसिबलची घट साधारण ‘निम्मा झाला’ अशी वाटते. यावरून हिशेब करा. तोंड माइकपासून ६० सेंटिमीटरवर असेल आणि ते १५ सेंटिमीटरवर आणलं, तर अंतर दोनदा निम्मं झालं. तुमचा आवाज १२ डेसिबलने वाढला. आता माइकची पातळी तेवढीच खाली आणली की पंख्याचा आवाजही १२ डेसिबलने खाली जातो. एक पैसाही खर्च न करता!

म्हणून लक्षात ठेवायचं माप म्हणजे एक वीत. ओठांपासून माइकपर्यंत अंगठा ते करंगळी एवढं अंतर ठेवा. इतक्या जवळून प, फ, ब, भ उच्चारताना हवेचा फटकारा माइकवर बसतो, त्यामुळे माइक अगदी ओठांसमोर न ठेवता किंचित बाजूला ठेवा. किंवा मध्ये जाळीचा पॉप फिल्टर लावा.

दुसऱ्या बाजूने पंखा लांब न्या. लॅपटॉप अर्ध्या मीटरवर असेल आणि तो दोन मीटरवर नेला, तर हिशेबाने आणखी १२ डेसिबल मिळायला हवेत. खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडं कमी मिळतं, पण फरक स्पष्ट कळतो. यूएसबी माइकची साधी केबल ५ मीटरपर्यंत चालते, तेव्हा लॅपटॉप खोलीच्या दुसऱ्या टोकाला किंवा दाराबाहेर ठेवता येतो. बिनतारी माऊस हाताशी ठेवा. नाहीतर आधी रेकॉर्डिंग सुरू करून येऊन बसा, सुरुवातीची पावलं नंतर कापून टाका.

आकाशवाणीच्या स्टुडिओचं चित्र डोळ्यांसमोर आणा. निवेदक एका खोलीत, यंत्रं दुसऱ्या खोलीत, मध्ये काच. व्यावसायिक स्टुडिओ असेच बांधले जातात, कारण यंत्र आणि माइक एका खोलीत नांदत नाहीत हे त्या मंडळींना पहिल्यापासून ठाऊक आहे. आपण काचेऐवजी घराचं दार वापरायचं, इतकंच.

लॅपटॉपमध्ये बसवलेला माइक शक्यतो टाळा. तो पंख्याच्याच डब्यात राहतो, त्यामुळे शेजारधर्म पाळतो! त्यापेक्षा साध्या वायरवाल्या इअरफोनचा माइकसुद्धा बरा. कपड्याला लावायचा कॉलर माइक आणखी चांगला, कारण तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर राहतो आणि बोलणारा हलला तरी अंतर बदलत नाही.

सगळ्यात सोपी युक्ती तुमच्या हातातच आहे

हा लेख तुम्ही ज्याच्यावर वाचत आहात, त्या फोनला बहुधा पंखाच नाही. मोजक्या गेमिंग फोनमध्ये पंखा असतो, बाकीचे बिनपंख्याचे. मग रेकॉर्डिंग फोनवर आणि काटछाट नंतर कॉम्प्युटरवर, असं का करू नये? फोनला कॉलर माइक जोडा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, म्हणजे मध्येच कुणाचा कॉल येणार नाही. ॲपमध्ये वेव्ह किंवा ‘लॉसलेस’ प्रकार मिळत असेल तर तो निवडा. वाचायचा मजकूर कागदावर छापून घ्या किंवा दुसऱ्या फोनवर उघडा. लॅपटॉप केवळ वाचण्यासाठी समोर उघडा ठेवला तरी त्याचा पंखा फिरणारच.

लॅपटॉपवरच काम करायचं असेल आणि नवा घ्यायचा विचार असेल, तर बिनपंख्याचे लॅपटॉपही मिळतात. ॲपलच्या मॅकबुक एअरमध्ये २०२० च्या अखेरीस आलेल्या एम-वन चिपपासून पंखा नाही. मात्र केवळ रेकॉर्डिंगसाठी नवा लॅपटॉप घेण्याची गरज नाही. आधी पुढचे उपाय करून बघा.

दुसरा उपाय : दिशा

घरगुती वापराचे बरेचसे माइक ‘कार्डिओइड’ प्रकारचे असतात. त्यांना समोरचं सर्वांत चांगलं ऐकू येतं, बाजूचं थोडं कमी आणि बरोबर पाठीमागचं सर्वांत कमी. म्हणून माइकचं तोंड तुमच्याकडे आणि पाठ पंख्याकडे, अशी मांडणी करा. कुठली बाजू समोरची हे माहितीपत्रकात बघून घ्या, कारण काही माइकमध्ये टोकाकडून बोलायचं असतं आणि काहींमध्ये बाजूने. उलटा धरलेला माइक पंख्याचं इमानाने रेकॉर्डिंग करतो.

इथे एक बारकावा आहे. माइकला पाठीमागचं कमी ऐकू येत असलं, तरी पंख्याचा आवाज तुमच्या मागच्या भिंतीवर आदळून समोरून माइकमध्ये शिरतो. म्हणून गोधडी, जाड चादर किंवा रजई टांगायची असेल तर ती आधी बोलणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी असलं तरी चालतं. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्या. त्यांनी पंख्याचा आवाज अडत नाही, आणि पुठ्ठा पटकन पेट घेतो हा धोका वेगळाच.

आणखी एक चोरवाट म्हणजे टेबल. लॅपटॉप आणि माइकचा स्टँड एकाच टेबलावर असतील, तर पंख्याची थरथर लाकडातून थेट माइकमध्ये जाते. माइकच्या स्टँडखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा. डेस्कटॉप असेल तर त्याचा डबा जमिनीवर, जाड सतरंजीवर ठेवा आणि तो टेबलाच्या पायाला टेकलेला नाही ना, ते बघा.

‘डायनॅमिक माइक घ्या, त्याला पंख्याचा आवाज येतच नाही’ असा सल्ला तुम्हाला दुकानात मिळेल. तो अर्धाच खरा आहे. डायनॅमिक माइक कमी संवेदनशील असतो, म्हणून आपण त्याच्या अगदी जवळ जाऊन बोलतो आणि त्यामुळे पंखा मागे पडतो. गुण मुख्यतः त्या जवळिकीचा. दिशा टिपण्याची पद्धत सारखी असेल तर तुमच्या कंडेन्सर माइकच्या तितकंच जवळ बसलात की बराचसा फायदा तिथेही मिळतो.

तिसरा उपाय : पंख्याला कामच कमी द्या

पंखा हौसेने फिरत नाही. प्रोसेसर तापतो म्हणून तो फिरतो आणि जास्त काम पडलं की प्रोसेसर जास्त तापतो. म्हणजे काम कमी केलं की पंखा आपोआप हळू होतो.

पंख्याचा वेग आणि आवाज यांचं नातं मोठं गमतीचं आहे. वेग निम्मा झाला की वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून पंखा पूर्ण बंद करण्याचा आटापिटा नको. तो थोडा हळू फिरला तरी पुरतं.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयूच्या रकान्यावर टिचकी मारली की सर्वांत जास्त काम करणारा प्रोग्राम वर येतो. मॅकमध्ये हेच काम ॲक्टिव्हिटी मॉनिटर करतं. बहुतेकदा तिथे ब्राउझरचे २०-२५ उघडे टॅब, फोटो क्लाउडवर चढवणारं ॲप, अँटिव्हायरसची तपासणी किंवा गुपचूप चाललेलं अपडेट सापडतं. रेकॉर्डिंगच्या आधी हे सगळं बंद करा. वाय-फायही बंद केलंत तर पुष्कळशी पडद्याआडची कामं आपोआप थांबतात.

एका माणसाचा आवाज रेकॉर्ड करायला आजच्या कॉम्प्युटरला फारच थोडी ताकद लागते. तरी पंखा जोरात फिरत असेल तर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून लावलेले इफेक्ट काढून टाका, ते नंतर लावता येतात. ‘बफर’चा आकडा वाढवला तरी प्रोसेसरवरचा ताण कमी होतो. मात्र रेकॉर्ड करताना स्वतःचा आवाज सॉफ्टवेअरमधून हेडफोनवर ऐकत असाल, तर बफर वाढल्यावर तो उशिरा ऐकू येईल. तेव्हा ते ऐकणं बंद ठेवा.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये वीज वाचवणारा पर्याय निवडा. प्रगत सेटिंगमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ दिसत असेल तर ते १०० वरून ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण त्यामुळे बहुतेक प्रोसेसरची अचानक जोर वाढवण्याची सोय बंद होते आणि उष्णता बरीच घटते. काही लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही, तिथे वीजबचतीच्या पर्यायावर भागवा. काम झाल्यावर सेटिंग पूर्ववत करायला विसरू नका.

खोलीचं तापमानही महत्त्वाचं. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा पंखा दमदार फिरणारच, कारण आत ओढली जाणारी हवाच गरम असते. त्याच खोलीत पहाटे पाच वाजता पंखा कितीतरी हळू फिरतो. शिवाय त्या वेळी रस्त्यावर हॉर्न नसतात, भाजीवाल्याची हाळी नसते, कुकरच्या शिट्ट्या नसतात आणि शेजाऱ्यांचा टीव्हीही बंद असतो. गायक मंडळी पहाटे रियाज करतात, तसंच आपणही पहाटेचं रेकॉर्डिंग करून बघावं.

आणि हे करू नका. लॅपटॉप गादीवर, गोधडीवर किंवा उशीवर ठेवू नका. खालची हवा अडते आणि पंखा उलट जास्त जोरात फिरतो. आवाज कोंडावा म्हणून डेस्कटॉप बंद कपाटात ठेवू नका. आतलीच गरम हवा फिरत राहते आणि यंत्र तापून बंद पडतं. कागद किंवा कापड खुपसून पंखा थांबवण्याचा विचार तर मनातही आणू नका.

चौथा उपाय : साफसफाई

नवा असताना शांत असलेला कॉम्प्युटर दोन-तीन वर्षांनी घुरघुरायला लागतो, त्यामागे बहुतेकदा धूळ असते. आपल्या घरांत ती कापसाच्या तंतूंची, उदबत्तीच्या धुराची आणि स्वयंपाकघरातल्या तेलकट वाफेची मिळून चिकट झालेली असते. तिचा थर उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांवर बसला की हवा जात नाही आणि पंखा ऊर फुटेस्तोवर पळतो.

डेस्कटॉप घरी साफ करता येतो. आधी बंद करा, मग प्लग काढा. डब्याचं झाकण उघडून मऊ कोरडा ब्रश आणि हवा मारायचा ब्लोअर वापरा. हवा मारताना पंख्याची पाती पेन्सिलीने अडवून धरा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून खराब होतात. ओलं फडकं अजिबात नको. लॅपटॉप मात्र सवय नसेल तर उघडू नका, आणि वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाच न्या. तिथे प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून द्यायलाही सांगा. प्रोसेसरची उष्णता तिच्यामार्फतच धातूच्या पात्यांकडे जाते.

पंख्यातून ‘खरखर’ किंवा ‘टकटक’ येत असेल, तर त्याचं बेअरिंग झिजलेलं असण्याची शक्यता मोठी. तो बदलणंच शहाणपणाचं. डेस्कटॉपचा पंखा बदलायला फार खर्च येत नाही. मोठा आणि हळू फिरणारा पंखा छोट्या आणि वेगवान पंख्यापेक्षा शांत असतो, म्हणून डब्यात जागा असेल तर ८० मिलिमीटरऐवजी १२० किंवा १४० मिलिमीटरचा घ्या. दुकानात ‘चार पिनांचा पीडब्ल्यूएम पंखा’ मागा. त्याचा वेग उष्णतेप्रमाणे कमी-जास्त करता येतो, फक्त तुमच्या मदरबोर्डवर चार पिनांची जागा आहे ना, ते आधी विचारून घ्या. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिचीही बारीक घरघर येते. तिच्या जागी एसएसडी बसवली की तो आवाज कायमचा जातो, कारण एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो.

सॉफ्टवेअर शेवटी का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. एका बटणात आवाज साफ करणारी इतकी ॲप असताना ही सगळी यातायात कशाला?

कारण पंख्याचा ‘हूऽऽश’ आणि आपल्या बोलण्यातले नाजूक ध्वनी एकमेकांत मिसळलेले असतात. ‘चहा’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळा. दुनिया या अर्थाचं ‘जग’ आणि ‘जग, भरभरून जग’ मधलं ‘जग’ वेगळं. लिहिताना आपण एकच अक्षर वापरतो, पण जिभेला आणि कानाला फरक पक्का माहीत असतो. तो फरक ठरतो वाऱ्यासारख्या एका बारीक घर्षणाने. स, श, ष यांचंही तसंच. ‘म्हातारी’, ‘न्हाणीघर’, ‘गाऱ्हाणं’ यांतला ह तर जवळजवळ नुसता श्वासच. सॉफ्टवेअरला पंख्याचा वारा आणि माणसाच्या तोंडचा वारा यांत नेहमी फरक करता येत नाही. जोर लावला की ते दोन्ही पुसतं. शिवाय मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि तिथेच आपला आवाज उतरतो. ‘होतं’ की ‘नव्हतं’ हेच हवेत विरलं, तर गोष्ट कशी कळणार?

म्हणून सॉफ्टवेअर वापरा, पण मीठ घालावं तसं. मोफत मिळणारं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर २००० सालापासून लोक वापरत आहेत. त्यातला ‘नॉइज रिडक्शन’ हा इफेक्ट दोन टप्प्यांत चालतो. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ५ ते १० सेकंद गप्प बसा. तेवढाच भाग निवडून ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबा, म्हणजे पंख्याचा नमुना त्याला मिळतो. मग सगळं रेकॉर्डिंग निवडून इफेक्ट लावा. घट ६ डेसिबलपासून सुरू करा, १२ च्या वर शक्यतो जाऊ नका. पाण्याखालून बोलल्यासारखं वाटायला लागलं की समजा, जास्त झालं. त्याआधी ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर लावला तर खालची जाड घरघर बोलण्याला धक्का न लावता निघून जाते. आणि मूळ फाइलची एक प्रत हात न लावता वेगळी ठेवा.

‘नॉइज गेट’ नावाच्या सोयीपासून सावध राहा. तुम्ही गप्प असताना ती आवाज पूर्ण बंद करते आणि बोलू लागलात की पंख्यासकट चालू करते. प्रत्येक वाक्याबरोबर पंखा येतो-जातो असं ऐकू येतं आणि ते सलग घरघरीपेक्षा जास्त खटकतं.

गाणं शिकणाऱ्यांसाठी एक खास सूचना. आवाज साफ करणारी बरीच ॲप तानपुऱ्यालाही पंखाच समजतात, कारण तोही एकसारखा वाजत राहतो. ऑनलाइन गाण्याच्या क्लासमध्ये गुरुजींना तानपुरा मध्येच गायब झालेला ऐकू येतो, तो यामुळे. झूममध्ये संगीतासाठी ‘ओरिजिनल साउंड’ची सोय आहे, ती चालू करा. पण मग सॉफ्टवेअर मदतीला नसतं, त्यामुळे वर सांगितलेले अंतराचे आणि दिशेचे उपाय अशा वेळी सर्वांत जास्त कामी येतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांचं रेकॉर्डिंग करताना

हे सगळं सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते आजी-आजोबांचा आवाज जपून ठेवताना. आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, आजोबांना गावाकडची सगळी नाती नावानिशी पाठ आहेत. ते पुन्हा तसंच सांगतील, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. त्यांचा आवाज मुळात हळू असतो, त्यामुळे पंख्याचा आवाज त्याच्या बरोबरीला येतो. नंतर साफ करायला गेलं की नेमका त्यांच्या आवाजातला कंप, मधला श्वास आणि शब्दांचे शेवट जातात. आपल्याला जपायचं असतं ते हेच.

अशा वेळी ‘आजी, जरा मोठ्याने बोल ना’ असं वारंवार सांगू नका. तिचा ओघ तुटतो. त्याऐवजी कॉम्प्युटर त्या खोलीत आणूच नका. तिच्या नेहमीच्या जागी बसवा, पदराच्या काठाला कॉलर माइक लावा आणि फोन बाजूला ठेवून द्या. बांगड्या वाजत असतील तर हातात एक उशी द्या, हात आपोआप स्थिर राहतात. छताचा पंखा १०-१५ मिनिटं बंद ठेवा आणि मध्ये पाणी द्या. पहिलं वाक्य बोलण्याआधीची काही सेकंदांची शांतताही रेकॉर्ड होऊ द्या, नंतर गरज पडली तर तोच नमुना उपयोगी पडतो.

रेकॉर्डिंगच्या आधीची दहा मिनिटं

हा भाग जपून ठेवा, दर वेळी कामाला येईल.

१. छताचा पंखा, एसी बंद. दारं-खिडक्या लावलेल्या.

२. कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत, किंवा निदान दोन मीटर लांब. शक्य असेल तर रेकॉर्डिंग फोनवरच.

३. टॅब, अपडेट, क्लाउड, अँटिव्हायरसची तपासणी बंद. मग पाच मिनिटं थांबा, पंखा हळू होऊ द्या.

४. माइक तोंडापासून एक वीत. त्याची पाठ पंख्याकडे, खाली घडी घातलेला टॉवेल.

५. बोलणाऱ्याच्या पाठीमागे गोधडी किंवा जाड पडदा.

६. ३० सेकंदांची शांतता रेकॉर्ड करून इअरफोनवर ऐका. समाधान झालं की सुरू करा.

यातले सगळे उपाय एकाच दिवशी करायची गरज नाही. आज फक्त माइक वीतभर अंतरावर आणा आणि लॅपटॉप दाराबाहेर ठेवा. कालचं रेकॉर्डिंग आणि आजचं रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐका. फरक घरातल्या लहान मुलांनाही सांगता येईल.